झेरॉक्सला न दिसणाऱ्या रेघा

झेरॉक्सच्या यंत्रात कागद ठेवला, बटण दाबले, की कागदावरील सारे काही जसेच्या तसे दुसऱ्या कागदावर उतरते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. व्यवहारात तो बहुतेक वेळा खराही ठरतो. परंतु मूळ कागदावर स्पष्ट दिसणारी गोष्ट प्रतीमध्ये पूर्णपणे नाहीशी व्हावी, यासाठी मुद्दाम तयार केलेला एक कागद अभियंते, वास्तुविशारद, नकाशाकार आणि छापखान्यातील कारागीर यांनी अनेक दशके वापरला आहे. फिकट निळ्या रेघांच्या चौकोनांनी भरलेला हा आलेख कागद, म्हणजेच आपल्या रोजच्या बोलण्यातला ग्राफ पेपर. त्यावर काळ्या शाईने आकृती काढून तिची छायाप्रत घेतली, की आकृती ठसठशीत उमटते आणि चौकोनांची जाळी मात्र मागमूसही न ठेवता नाहीशी होते.

ही काही जादू नव्हे आणि त्या शाईतही गूढ असे काही नाही. यंत्राच्या डोळ्याला त्या निळ्या रंगात आणि पांढऱ्या कागदात फरक कळत नाही, एवढेच यामागचे कारण आहे. म्हणूनच यंत्र बदलले, की हाच कागद दगाही देऊ शकतो. कोणती रेघ प्रतीत उतरते आणि कोणती गळून पडते, हे जाणून घेणे केवळ आरेखकांपुरते महत्त्वाचे नाही. ईसीजीची प्रत जपून ठेवणाऱ्या रुग्णापासून एखाद्या कचेरीत सत्यप्रत सादर करणाऱ्या नागरिकापर्यंत प्रत्येकाचा या प्रश्नाशी कधी ना कधी संबंध येतो.

हाताला हवी, प्रतीला नको

कोऱ्या कागदावर सरळ, प्रमाणबद्ध आणि मोजमापात आकृती काढणे कठीण असते. घराचा आराखडा असो, विद्युतमंडलाची आकृती असो किंवा प्रयोगशाळेतील निरीक्षणांचा आलेख असो, हाताला आधार म्हणून चौकोनांची जाळी लागते. एक चौकोन म्हणजे एक मीटर किंवा एक सेकंद, असे प्रमाण ठरवले की पट्टी न लावताही बरेचसे काम उरकते.

आकृती पूर्ण झाल्यावर मात्र तीच जाळी अडचणीची ठरते. अहवालात, पुस्तकात किंवा ठेकेदाराला द्यायच्या नकाशात शेकडो आडव्या-उभ्या रेघांच्या गर्दीत मुख्य रेषा हरवून जाते. कुठली रेघ भिंतीची आणि कुठली कागदाची, असा संभ्रम निर्माण होतो. शाळकरी विद्यार्थ्यांच्या ग्राफ पेपरवरील हिरव्या किंवा नारिंगी रेघा कागदावर छान दिसतात. पण त्याच कागदाची काळी-पांढरी प्रत काढली, तर अनेकदा आलेखापेक्षा जाळीच अधिक गडद झालेली आढळते. काम करताना साथ देणारी आणि काम संपल्यावर स्वतःहून बाजूला होणारी रेघ, ही आरेखकाची गरज होती. ती छायाचित्रणाच्या एका मर्यादेने भागवली.

निळे ते पांढरे, लाल ते काळे

मानवी डोळ्याला साधारणपणे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. त्यातील जांभळा-निळा भाग आखूड तरंगलांबीचा, तर लाल भाग लांब तरंगलांबीचा असतो. एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रणाच्या काचा या साऱ्या पट्ट्यापैकी केवळ निळ्या-जांभळ्या आणि अतिनील प्रकाशालाच प्रतिसाद देत असत. त्यामुळे त्या काळच्या छायाचित्रांत निळे आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरेफटक येई. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे या छायाचित्रकाराने १८५० च्या दशकात समुद्र आणि ढग यांच्या दोन वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडून चित्रे छापली, त्यामागे हीच अडचण होती.

जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फोगेल यांनी १८७३ मध्ये रंगद्रव्ये मिसळून काचेची ही मर्यादा हिरव्या प्रकाशापर्यंत वाढवता येते, हे दाखवून दिले. अशा निळ्या आणि हिरव्या प्रकाशाला संवेदनशील, पण लाल प्रकाशाला आंधळ्या असणाऱ्या फिल्मला ‘ऑर्थोक्रोमॅटिक’ असे नाव पडले. जुन्या फोटो स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत मंद लाल दिवा जळत असे, तो यामुळेच. त्या प्रकाशात छायाचित्रकाराला दिसत असे, फिल्मला मात्र काहीच दिसत नसे. आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या जुन्या छायाचित्रांत कपाळावरचे लाल कुंकू काळेभोर दिसते, तेही याच कारणाने.

म्हणजे या फिल्मच्या दृष्टीने लाल रंग काळ्यात जमा, तर फिकट निळा रंग पांढऱ्यात जमा. पांढरा कागद सर्वच रंगांचा प्रकाश परत पाठवतो. फिकट निळी रेघ लाल प्रकाश काही प्रमाणात शोषून घेते, पण निळा प्रकाश जवळजवळ तेवढाच परत पाठवते. जिला फक्त निळ्याचीच जाण आहे, त्या फिल्मला या दोहोंतला फरक कळावा तरी कसा? छपाई व्यवसायाने ही मर्यादा हेरली आणि तिचे साधनात रूपांतर केले. या विशिष्ट छटेला इंग्रजीत ‘नॉन-फोटो ब्लू’ म्हणजे छायाचित्रात न येणारा निळा, असेच नाव मिळाले. त्या छटेच्या पेन्सिली, शाई आणि आलेख कागद बाजारात आले.

छापखान्यातील निळी जाळी

संगणकावर पान लावण्याची पद्धत रूढ होण्यापूर्वी ऑफसेट छपाईसाठी पान अक्षरशः हाताने चिकटवले जात असे. फोटोकंपोझिंग यंत्रातून निघालेल्या मजकुराच्या गुळगुळीत पट्ट्या, म्हणजेच ब्रोमाइड, कात्रीने किंवा ब्लेडने कापून जाड कागदावर लावल्या जात. मराठी वृत्तपत्रांच्या आणि प्रकाशकांच्या पेस्टिंग विभागात काम केलेल्या मंडळींना ती लगबग चांगलीच आठवत असेल.

या जाड कागदावर स्तंभांच्या आणि ओळींच्या खुणा फिकट निळ्या रंगात आधीच छापलेल्या असत. देवनागरी मजकुराच्या बाबतीत त्यांचे महत्त्व अधिकच होते. रोमन लिपीतील ओळ केसभर तिरपी लागली तर ती खपून जाऊ शकते. देवनागरीत मात्र शब्दांच्या डोक्यावरून जाणारी शिरोरेषा असते आणि ती किंचित कलली तरी लगेच डोळ्यांत भरते. निळ्या रेघेला शिरोरेषा समांतर ठेवली, की ओळ सरळ बसली, हा साधा हिशेब होता.

तयार पानाचा फोटो मोठ्या कॅमेऱ्याने काढला जाई. त्यासाठी वापरली जाणारी लिथ फिल्म करड्या छटा ठेवतच नाही. एका मर्यादेपलीकडचे सारे काळे आणि अलीकडचे सारे पांढरे, असा तिचा रोखठोक न्याय असतो. त्यामुळे निळी जाळी, निळ्या पेन्सिलीने केलेल्या सूचना, ‘येथे चित्र’ अशा खुणा, सारे काही निगेटिव्हमध्ये आपोआप पुसले जाई. याउलट छायाचित्राची जागा मोकळी सोडायची असेल, तर तेथे लाल पारदर्शक पटल चिकटवत. कारागिराला त्यातून आरपार दिसे, फिल्मला मात्र ते काळेच भासे. निळा आणि लाल अशा दोन रंगांवर पान लावण्याचे सारे कौशल्य उभे होते.

कार्लसन यांचा शोध आणि सेलेनियमचा डोळा

छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यासाठी जन्मलेली ही युक्ती झेरॉक्सच्या यंत्रालाही लागू पडली, याचे श्रेय सेलेनियम या मूलद्रव्याला जाते. अमेरिकेतील चेस्टर कार्लसन हे एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करत होते. कागदपत्रांच्या प्रती तयार करण्याच्या कंटाळवाण्या कामातून सुटका व्हावी, म्हणून त्यांनी शाई किंवा रसायनांचे द्रावण न वापरता कोरडी प्रत काढण्याचा ध्यास घेतला. न्यूयॉर्क शहरातील अॅस्टोरिया भागात २२ ऑक्टोबर १९३८ रोजी त्यांनी आणि त्यांचे सहकारी ऑटो कॉर्नाय यांनी गंधकाचा थर दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर पहिली प्रत उमटवली. त्या प्रतीवर तारीख आणि ठिकाणाचे नाव एवढाच मजकूर होता. १९४२ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. पुढे बॅटेल मेमोरियल इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने या पद्धतीवर काम केले आणि गंधकाऐवजी सेलेनियम कितीतरी अधिक उपयुक्त असल्याचे तेथे आढळले. रॉचेस्टर येथील हॅलॉइड कंपनीने, म्हणजे नंतरच्या झेरॉक्स कॉर्पोरेशनने, १९५९ मध्ये ‘९१४’ हे यंत्र सादर केले आणि कचेऱ्यांचे कामकाज पालटून गेले.

या यंत्राचे तत्त्व समजण्यास सोपे आहे. सेलेनियमचा थर दिलेल्या ड्रमवर अंधारात विद्युतभार चढवला जातो. मूळ कागदावरून परावर्तित झालेला प्रकाश ड्रमवर पडला, की तेथील भार निघून जातो. कागदाच्या पांढऱ्या भागातून भरपूर प्रकाश येतो, म्हणून तेथे भार उरत नाही. काळ्या अक्षरांकडून प्रकाश येत नाही, म्हणून तेवढ्या आकारात भार टिकून राहतो. त्या भाराला टोनरची काळी पूड चिकटते, ती कागदावर उतरवली जाते आणि उष्णतेने पक्की केली जाते.

सेलेनियमची मेख अशी, की त्याला निळ्या प्रकाशाची जाण तीव्र आणि लाल प्रकाशाची अगदीच कमी असते. फिकट निळ्या रेघेकडून आलेला निळा प्रकाश ड्रमवरचा भार पांढऱ्या कागदाइतकाच पुसून टाकतो. टोनर चिकटायला जागाच उरत नाही आणि रेघ कोरी जाते. लाल रेघेकडून मात्र निळा प्रकाश येत नाही. त्यामुळे भार तसाच राहतो आणि ती काळी उमटते. जुन्या यंत्रांवर फिकट निळ्या शाईचे पत्र धूसर येई आणि लाल शिक्का मात्र झळझळीत काळा येई, याचे मूळ येथे आहे.

ट्रेसिंग कागद आणि अमोनिया प्रिंट

वास्तुविशारदांच्या कार्यालयांत झेरॉक्सपेक्षा वेगळी पद्धत होती. मोठ्या आकाराचे आराखडे ट्रेसिंग कागदावर काढून त्यांचे अमोनिया प्रिंट घेतले जात. या पद्धतीत प्रकाश कागदावरून परावर्तित होत नाही, तर त्यातून आरपार जातो. खालच्या कागदावर डायझो रसायनाचा थर असतो. जांभळा आणि अतिनील प्रकाश पडला, की ते रसायन निकामी होते. काळ्या रेषेच्या सावलीत ते शाबूत राहते आणि अमोनियाच्या वाफेने तेथे गडद रेषा उमटते.

येथेही निळ्या जाळीचे गणित जुळते. फिकट निळी रेघ तो प्रकाश अडवत नाही, त्यामुळे तिची सावली पडत नाही आणि प्रिंटमध्ये ती येत नाही. परदेशी कंपन्या अशा ट्रेसिंग कागदाची जाहिरात ‘फेड-आउट’ म्हणजे विरून जाणाऱ्या जाळीचा कागद अशीच करत. कॅमेऱ्याची फिल्म, सेलेनियमचा ड्रम आणि डायझोचा कागद ही तीन साधने एकमेकांपासून अगदी भिन्न. परंतु तिघांचेही डोळे वर्णपटाच्या निळ्या टोकाकडे लागलेले होते. म्हणून एकच कागद तिन्ही ठिकाणी चालला.

पाठीमागे छापलेल्या रेघा

रंगाचा आधार न घेताही हे साधता येते. अमेरिकेत अभियांत्रिकी शिकलेल्या अनेकांना फिकट हिरव्या किंवा पिवळसर कागदाचे विशिष्ट पॅड परिचयाचे असेल. त्यात इंचाला पाच, म्हणजे सुमारे पाच मिलिमीटरचे चौकोन असतात. वैशिष्ट्य हे, की जाळी कागदाच्या मागील बाजूस छापलेली असते आणि लिहायचे असते पुढील बाजूस. पातळ कागदातून जाळी पुसटशी दिसते, हाताला तेवढा आधार पुरतो. प्रत काढताना मात्र ती इतकी अस्पष्ट असते, की यंत्र तिची दखल घेत नाही.

या रचनेचा आणखी एक लाभ आहे. पेन्सिलीने लिहिलेले खोडले तरी पुढच्या बाजूस जाळीच नसल्याने ती खोडरबराने पुसली जात नाही. याहूनही स्वस्त उपाय आपल्याकडील आरेखकांना पूर्वापार ठाऊक आहे. साधा गडद रेघांचा ग्राफ पेपर खाली ठेवायचा आणि वर ट्रेसिंग कागद लावून त्यावर काम करायचे. जाळी कागदावर नसतेच, त्यामुळे ती प्रतीत येण्याचा प्रश्नही उद्भवत नाही.

डिजिटल यंत्राचा वेगळा न्याय

आजची प्रत काढणारी बहुतेक यंत्रे प्रत्यक्षात आधी कागद स्कॅन करतात आणि मग छापतात. त्यांच्यातील संवेदक लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही रंग पाहतात. या डोळ्याला निळा रंग दिसतो, म्हणून ‘निळे ते पांढरे’ हा जुना नियम येथे जसाच्या तसा लागू होत नाही.

थोडे आकडे पाहिले म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. संगणकावर प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा या तीन घटकांत ० ते २५५ या मापाने मोजतात. पांढऱ्या रंगात तिन्ही घटक २५५ असतात. ‘नॉन-फोटो ब्लू’ म्हणून सर्वत्र दिल्या जाणाऱ्या छटेत लाल १६४, हिरवा २२१ आणि निळा २३७ असतो. फक्त निळ्या घटकाकडे पाहणाऱ्या यंत्राला २५५ आणि २३७ मधील फरक नगण्य वाटेल व रेघ गळून पडेल. पण फक्त लाल घटकाकडे पाहणाऱ्या यंत्राला २५५ च्या शेजारी १६४ दिसेल, म्हणजे रेघ चांगलीच गडद भासेल. लाल दिव्याच्या स्कॅनरखाली निळी जाळी नाहीशी होण्याऐवजी उठून दिसते, ती यामुळेच.

तिन्ही रंग एकत्र करून करडी छटा काढण्याचे प्रचलित सूत्र लाल ३०, हिरवा ५९ आणि निळा ११ टक्के, असे वजन देते. त्यानुसार ही निळी छटा सुमारे २०६ या मापाची करडी ठरते. यंत्र ‘टेक्स्ट’ म्हणजे मजकुराच्या पद्धतीवर असेल, तर ते साधारणपणे फिकट छटा पांढऱ्यात ढकलते आणि रेघ जाते. तेच यंत्र ‘फोटो’ पद्धतीवर असेल, तर करडी छटा बारीक ठिपक्यांच्या रूपाने छापली जाते आणि रेघ राहते. पूर्वी रेघेचे भवितव्य तिच्या रंगावर ठरत असे. आता ते तिच्या फिकटपणावर आणि दुकानदाराने दाबलेल्या बटणावर ठरते.

गळणारे आणि उगवणारे रंग

रंग गाळण्याची ही कल्पना आज सर्वाधिक वापरली जाते ती छापील अर्ज आणि उत्तरपत्रिकांमध्ये. स्पर्धा परीक्षांच्या ओएमआर उत्तरपत्रिकांवर गोल आणि चौकटी अनेकदा फिकट गुलाबी किंवा लालसर रंगात छापलेल्या असतात. लाल प्रकाशात पाहणाऱ्या यंत्राला त्या पांढऱ्याच वाटतात आणि परीक्षार्थीने काळ्या किंवा निळ्या बॉलपेनने भरलेला ठिपका तेवढा उरतो. अशा रंगांना ‘ड्रॉप-आउट’ रंग म्हणतात. उत्तरपत्रिकेसोबत दिलेल्या सूचनांत पेनाचा रंग ठरवून दिलेला असतो, तो शिस्तीसाठी नव्हे. लाल पेनाने भरलेला ठिपका अशा यंत्राला दिसेलच, याची खात्री नसते.

याच्या अगदी उलट युक्ती आपल्या धनादेशांत आहे. रिझर्व्ह बँकेच्या ‘सीटीएस-२०१०’ या मानकानुसार धनादेशावर एक छुपी रचना असते. एरवी ती डोळ्यांना सहजी दिसत नाही, पण छायाप्रत काढली की ‘व्हॉइड’ किंवा ‘कॉपी’ हा शब्द प्रतीत उमटतो. पार्श्वभूमी अतिबारीक आणि किंचित मोठ्या अशा दोन प्रकारच्या ठिपक्यांनी भरल्यास डोळ्याला दोन्हींची छटा सारखीच भासते. यंत्र बारीक ठिपके गाळते आणि मोठे ठेवते, त्यामुळे अक्षरे वर येतात. एका ठिकाणी असलेले लपते, दुसऱ्या ठिकाणी लपलेले उघड होते. दोन्हींचा पाया एकच, तो म्हणजे यंत्राची दृष्टी माणसाच्या दृष्टीहून वेगळी असणे.

जेव्हा जाळीच पुरावा असते

जाळी नाहीशी होणे नेहमीच सोयीचे नसते. हृदयाचा आलेख, म्हणजेच ईसीजी, हे त्याचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण होय. ईसीजीच्या कागदावरील फिकट गुलाबी किंवा लालसर जाळी शोभेसाठी नसते, ती मोजपट्टी असते. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर या नेहमीच्या वेगाने सरकत असताना एक मिलिमीटरचा लहान चौकोन आडवा ०.०४ सेकंद दाखवतो, तर पाच मिलिमीटरचा मोठा चौकोन ०.२ सेकंद. उभ्या दिशेने, नेहमीच्या मापात, १० मिलिमीटर म्हणजे एक मिलिव्होल्ट. हृदयाचे ठोके नियमित असतील, तर दोन ठोक्यांमधील मोठे चौकोन मोजून ३०० ला त्या संख्येने भागले, की मिनिटाला किती ठोके पडतात ते कळते. चार चौकोन असतील तर ७५.

बहुतेक ईसीजी उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर निघतात आणि काही काळाने त्यांवरील रेषा पुसट होतात. म्हणून त्यांची झेरॉक्स काढून ठेवण्याचा सल्ला दिला जातो. सल्ला योग्यच आहे, पण प्रत कशी काढली याला महत्त्व आहे. फिकट गुलाबी रंगाची एक प्रचलित छटा लाल २५५, हिरवा १८२ आणि निळा १९३ अशी मोजली जाते. वरील सूत्रानुसार तिची करडी छटा सुमारे २०५ येते, म्हणजे ‘नॉन-फोटो ब्लू’च्या जवळजवळ बरोबरीची. परिणामी मजकुराच्या पद्धतीवर काढलेल्या प्रतीत ही जाळीही उडून जाऊ शकते आणि हाती फक्त नागमोडी रेषा उरते. त्यातच प्रत लहान-मोठी झाली असेल, तर पट्टीने मोजूनही उपयोग नाही. ९० टक्के आकारात काढलेल्या प्रतीत १० मिलिमीटरची उंची नऊच भरेल. जाळी सोबत असती तर तीही त्याच प्रमाणात लहान झाली असती आणि हिशेब चुकला नसता.

यासाठी ईसीजीची प्रत रंगीत किंवा ‘फोटो’ पद्धतीवर, १०० टक्के आकारात काढावी आणि दुकानातून निघण्यापूर्वी चौकोन मोजता येतात ना, हे पाहावे. आलेखाच्या सुरुवातीस किंवा शेवटी असणारी चौकोनी प्रमाणखूण तसेच वेग आणि माप यांचा छापील मजकूर कापला जाऊ देऊ नये. मूळ कागद उन्हात ठेवू नये, प्लॅस्टिकच्या पीव्हीसी पाकिटात घालू नये आणि लॅमिनेशन तर कदापि करू नये. लॅमिनेशनच्या उष्णतेने संपूर्ण कागदच काळा पडू शकतो.

घरच्या घरी जाळीचा कागद

विशेष निळ्या जाळीचा कागद सर्वत्र मिळतोच असे नाही, पण तो घरी तयार करता येतो. संगणकावर पाच मिलिमीटरच्या चौकोनांची जाळी आखून वर दिलेल्या निळ्या छटेत रंगीत प्रिंटरवर छापावी. काळ्या-पांढऱ्या लेझर प्रिंटरवर मात्र हा प्रयोग करू नये. तो निळ्या रंगाऐवजी काळे ठिपके छापतो आणि ते ठिपके प्रतीत उतरू शकतात.

आकृती काळ्या शाईने काढावी. फिकट पेन्सिलीची रेषा आणि निळी जाळी यांच्या गडदपणात फारसे अंतर राहिले नाही, तर यंत्र दोन्हींना एकच न्याय लावते. जाळी घालवण्यासाठी प्रत फिकट केली, की आकृतीही जाते. प्रत काढताना ‘टेक्स्ट’ पद्धत निवडावी आणि गडदपणा एक-दोन पायऱ्यांनी कमी करावा. सगळ्या प्रती एकदम न काढता आधी एकच काढून पाहणे श्रेयस्कर. मोबाइलवर कागद टिपताना काळ्या-पांढऱ्या दस्तऐवजाचा पर्याय निवडल्यासही हाच परिणाम साधतो. आणि स्कॅनरमध्ये रंग गाळण्याची सोय असेल, तर निळा रंग निवडला की काम अधिक नेमके होते.

प्रतीत नाही म्हणून मुळात नव्हते?

जी युक्ती आरेखकाच्या सोयीची, तीच कागदपत्रांच्या व्यवहारात घातक ठरू शकते. फिकट निळ्या शाईची सही, पुसट झालेला शिक्का, समासात पेन्सिलीने लिहिलेला शेरा किंवा कार्बन प्रतीवरील निळसर अक्षरे ही सारी यंत्राच्या दृष्टीने निळ्या जाळीच्याच जातीची असतात. मालमत्तेचे जुने कागद, करारनामे, शाळा सोडल्याचे दाखले यांच्या प्रती वर्षानुवर्षे प्रतींवरून काढल्या जातात आणि प्रत्येक पिढीत काहीतरी गळत जाते. मजकुराच्या पद्धतीवर काढलेली प्रत पाहून ‘येथे शेरा नव्हताच’ असा निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे आहे.

महत्त्वाच्या कागदाची प्रत शक्यतो मूळ कागदावरूनच आणि रंगीत किंवा ‘फोटो’ पद्धतीवर काढावी. प्रत सत्य असल्याची सही करणाऱ्याने ती मूळ कागदाशी ताडून पाहावी, हा नियम अनेकदा केवळ उपचार म्हणून पाळला जातो. पण तो उगाच केलेला नाही. निळ्या रेघांचा कागद ज्यांनी रोज वापरला, त्या छापखान्यातील आणि आरेखन कार्यालयांतील कारागिरांना ही गोष्ट पक्की ठाऊक होती, की यंत्र कागदावरचे सारे काही पाहत नाही. ते काय पाहते आणि काय सोडते, हे आधी तपासून मगच ते आपली निळी पेन्सिल उचलत. प्रत हाती घेताना आपणही तीच दक्षता बाळगणे इष्ट होय.